अळीला विष पचलं कसं?

प्रश्न : आमच्याकडे २००६ पासून बीटी कपाशी आहे. पहिली काही वर्षं बोंडअळीसाठीची फवारणी जवळजवळ बंदच होती. मग गुलाबी अळी परत आली, आणि २०१७ साली तर फोडावं त्या बोंडात अळी. कृषी केंद्रवाले सांगतात, ‘अळीला आता बीटीची सवय झाली.’ मला हे पटत नाही. अळी जगते जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात सवय लागते कधी, आणि लागली तरी पुढच्या पिढीला ती देतं कोण?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. बीटीच्या बोंडात शिरून जी अळी मेली ती मेलीच, तिला काही शिकायची संधी मिळाली नाही. आणि जी जगली ती अंड्यातून बाहेर पडली तेव्हापासूनच या विषाला दाद न देणारी होती. एकही अळी तिच्या आयुष्यात बदललेली नाही. बदललं ते प्रमाण. लाखात एखाददुसरी होती ती जात शेतात बहुसंख्य झाली. उत्क्रांती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाखो वर्षं आणि माकडाचा माणूस येतो, पण तिचा हिशेब खरं तर एवढाच असतो : एका पिढीत कुठल्या जनुकाच्या किती प्रती होत्या आणि पुढच्या पिढीत किती उरल्या.

आधी विषाचं काम पाहू. बीटी म्हणजे जमिनीत सापडणारा एक जिवाणू. त्याचं क्राय वन एसी नावाचं प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत घातलेलं आहे. अळीनं बोंड कुरतडलं की हे प्रथिन तिच्या आतड्यात जातं, आतड्याच्या अस्तरावर कॅडहेरिन नावाचं दुसरं प्रथिन असतं त्याला चिकटतं आणि अस्तराला भोकं पाडतं. अळीचं खाणं थांबतं आणि ती मरते. आता एखाद्या अळीत कॅडहेरिनचं जनुकच बिघडलेलं असेल, तर विषाला चिकटायला जागाच राहत नाही. ते पोटातून निघून जातं आणि अळी आरामात सरकी खात बसते. असा बिघाड बीटीमुळे होत नाही. जनुकांची नक्कल होताना अधूनमधून चुका होतातच. कपाशीत बीटी यायच्या आधीपासून त्या होत होत्या, फक्त त्यांचा कुणाला उपयोग नव्हता. भारतातल्या शेतांमधल्या अळ्या तपासल्या तेव्हा हे एकच जनुक किमान आठ निरनिराळ्या तऱ्हांनी मोडलेलं आढळलं. कुण्या एका ‘मूळ’ अळीचा वंश देशभर पसरला, अशी ही गोष्ट नाही.

आता जरा आकडेमोड करू, कारण खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्हींपैकी एक जरी धड असली तरी विषाला चिकटायला जागा मिळते आणि अळी मरते. जगायचं तर दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात. अशा गुणाला शाळेच्या पुस्तकात अप्रभावी म्हणतात.

समजा, बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण शंभरात एक आहे. दहा हजार अळ्या घेतल्या तर त्यांच्यात वीस हजार प्रती, त्यातल्या दोनशे बिघडलेल्या. पतंगांची जोडी कुणाचीही कुणाशी जमत असेल, तर दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक अळी. उरलेल्या १९८ बिघडलेल्या प्रती १९८ अळ्यांत एकेकट्या विखुरलेल्या. या १९८ अळ्या दिसायला, वागायला आणि बीटीवर मरायला अगदी चारचौघींसारख्या. शंभरातल्या नव्व्याण्णव बिघडलेल्या प्रती अशा झाकलेल्या असतात.

पंचक्रोशीत सगळीकडे फक्त बीटी पेरलं असं धरा. एक लाख अळ्यांपैकी दहा जगतील. या दहांना जोडीदार कोण? दुसरं कुणी उरलेलंच नाही, म्हणून त्या दहांतलेच. सगळ्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे पोरंही सगळी तशीच. एक टक्क्यावरून थेट शंभर टक्के, आणि तेही एका पिढीत. प्रत्यक्ष शेत इतकं बंदिस्त नसतं, बाहेरून पतंग येत राहतात, पण वारं कुठल्या दिशेनं वाहतं ते यावरून कळतं.

हे होऊ नये म्हणून तर ती १२० ग्रॅमची पुडी होती! साडेचारशे ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची वेगळी पुडी मिळायची, आठवत असेल. क्षेत्राच्या वीस टक्के किंवा कडेच्या पाच ओळी, यातलं जे जास्त असेल तेवढं बिगर-बीटी लावायचं, असा नियम होता. शास्त्रज्ञ याला आश्रयपीक म्हणतात. अळ्यांना आश्रय का द्यायचा, हे मात्र शेतकऱ्याला नीट समजावून सांगितलंच गेलं नाही. तेव्हा हिशेब पुन्हा मांडू. एक लाखातल्या वीस हजार अळ्या बिगर-बीटीवर आहेत, त्या जगतील. ऐंशी हजार बीटीवर, त्यातल्या आठ जगतील. या आठ पतंगांच्या चहूबाजूंना वीस हजार साधे पतंग आहेत. त्यांची गाठ जवळजवळ नक्की साध्याशीच पडणार. पोरांना एक प्रत बिघडलेली आणि एक धड मिळणार, आणि पुढच्या पिढीत ती बीटीवर मरणार. गणित पूर्ण केलं तर बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण एक टक्क्यावरून १.०४ टक्क्यावर जातं. एकीकडे शंभर टक्के, दुसरीकडे १.०४, आणि मधे फक्त ती पुडी.

पुडीचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कुठे बांधावर टाकली गेली, कुठे नांगे भरायला वापरली, कुठे पाकिटातच राहिली. त्यातलं बियाणंही अनेकदा सुमार असायचं, मुख्य पिकाच्या वेळेला फुलावर न येणारं. दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. आश्रयपिकाचं नुकसान माझ्या शेतात होणार आणि फायदा उडून साऱ्या गावात जाणार, हा व्यवहार कुणाच्याही गळी उतरायला अवघडच. पुढे बीटी आणि बिगर-बीटी बी एकाच पाकिटात मिसळून द्यायचं ठरलं, पण तोवर गुलाबी अळीच्या बाबतीत बराच उशीर झाला होता. गुजरातेत या अळीनं पहिल्या बीटीला दाद देणं सोडल्याचं २०१० सालीच जाहीर झालं होतं. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ या दुसऱ्या बीटीमध्ये क्राय टू एबी हे दुसरं विष जोडलेलं होतं. मात्र पहिलं विष लंगडं झालेल्या ठिकाणी दुसऱ्यावर एकट्यानं भार पडला, आणि त्याच्याही विरोधात तीच निवड सुरू झाली. या वेळी बिघडलं ते अळीतलं वेगळंच जनुक.

आता फरदडीकडे, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीकडे येतो, कारण तुमच्या भागात खरं नुकसान तिनं केलं. हंगामाच्या शेवटी झाडातलं विष कमी होतं. एक प्रत बिघडलेली आणि एक धड अशी अळी भर हंगामात मेली असती, ती आता काही प्रमाणात तगते. म्हणजे झाकलेल्या त्या १९८ प्रतींवरचं झाकण उघडतं. समजा, अशा मिश्र अळ्यांपैकी वीस टक्के बीटीवर जगू लागल्या आणि आश्रयपीक मात्र पूर्ण वीस टक्के आहे. तरीही प्रमाण एका पिढीत एक टक्क्यावरून १.८ वर जातं, आणि सात पिढ्यांत पन्नास टक्के ओलांडतं. मिश्र अळ्या पूर्ण मरत राहिल्या असत्या तर त्याच सात पिढ्यांत आकडा दीड टक्क्याच्याही आत राहिला असता. गुलाबी अळीच्या एका हंगामात चार-पाच पिढ्या होतात. पाणी आहे म्हणून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की आणखी एक-दोन पिढ्या मिळतात, त्याही नेमक्या कमी विषाच्या दिवसांत.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. आपली बीटी कपाशी संकरित आहे. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिच्यात बीटीची जनुकं सगळ्यांना सारखी वाटली जात नाहीत. एकाच बोंडात कुठल्या सरकीत दोन्ही विषं, कुठल्या सरकीत एकच, तर सोळांत एखादीत एकही नाही. आणि गुलाबी अळी खाते ती सरकीच. डोमकळी, म्हणजे अळी लागून न उमललेलं फूल, उघडून पाहिली असेल तर पाकळ्या आतून विणून टाकलेल्या आणि मधे अळी बसलेली दिसते. पुढच्या पिढीतली अळी थेट हिरव्या बोंडात शिरते, तिचं भोक बुजून जातं आणि बाहेरून बोंड निरोगी दिसतं. आत ती एका सरकीतून दुसरीत जाते आणि वेचणीला हाती येते ती कवडी. कमी विषाची सरकी आणि जास्त विषाची सरकी शेजारी-शेजारी ठेवून आपणच मिश्र अळ्यांना तगायला जागा करून दिली, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, आणि मला ते वजनदार वाटतं.

मग अमेरिकन बोंडअळीनं, म्हणजे त्या हिरव्या अळीनं, आपल्याकडे एवढा उच्छाद का मांडला नाही? तिला तूर चालते, हरभरा चालतो, टोमॅटो चालतो. कपाशीच्या मधे लावलेली तुरीची ओळ तिच्यासाठी फुकटचं आश्रयपीक ठरली. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीशिवाय दुसऱ्याला तोंड लावत नाही. १८४२ साली भडोचच्या कपाशीवर ती सापडली आणि पुढच्या वर्षी सॉन्डर्सनं तिचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हापासून तिची ही ख्याती आहे. बिगर-बीटी कपाशीच उरली नाही, म्हणजे तिच्यासाठी आश्रयच उरला नाही.

अमेरिकेत हीच अळी होती, हेच बीटी होतं. ॲरिझोनात आधी आश्रयपीक काटेकोर पाळलं गेलं. २००६ पासून विमानातून अब्जावधी वांझ केलेले पतंग सोडले, म्हणजे चुकून जगलेल्या पतंगाची गाठ वांझाशी पडावी. २०१८ साली त्यांनी ही कीड देशातून निपटल्याचं जाहीर केलं. तंत्र तेच, कीड तीच. फरक पडला तो कोण कुणाशी जोडी जमवणार यावर ठेवलेल्या नजरेमुळे.

तुमच्या हाती काय आहे, तर पिढ्या तोडणं. हंगामपूर्व पेरा नको, फरदड नको, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेताबाहेर, कामगंध सापळे, आणि जिनिंगच्या आवारातल्या सरकीवरही लक्ष. कपाशी नसलेले चार-पाच महिने जितके सलग मिळतील तितकी अळीच्या वंशाची साखळी तुटते. हे एका शेतात करून भागत नाही, पतंगाला सातबारा कळत नाही.

प्रश्न : बारावीच्या जीवशास्त्रात हार्डी–वाइनबर्ग समीकरण आहे. हा हार्डी म्हणजे रामानुजनचा हार्डीच का? आणि गणितातला माणूस इकडे कसा आला?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तोच. केंब्रिजचा जी. एच. हार्डी. आपलं गणित कुणाच्या उपयोगी पडत नाही याचा त्याला अभिमान होता, आणि आज जगातल्या प्रत्येक जीवशास्त्राच्या वर्गात त्याचं नाव घेतलं जातं ते एका पानाच्या पत्रासाठी. इतकी गोड फजिती क्वचितच कुणाची झाली असेल.

झालं असं की १९०८ च्या सुमारास मेंडेलचे नियम नव्यानं गाजत होते. कुणीतरी शंका काढली की प्रभावी गुण जर खरोखरच प्रभावी असेल, तर तो समाजात वाढत जाऊन चारांत तिघांना का होत नाही? आखूड बोटांचा एक आनुवंशिक दोष प्रभावी आहे, मग रस्त्यावर चारांत तीन माणसं आखूड बोटांची का दिसत नाहीत? जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेटला याचं उत्तर द्यायचं होतं, पण गणित जमेना. त्याची आणि हार्डीची मैत्री क्रिकेटच्या मैदानावरची. त्यानं प्रश्न हार्डीपुढे टाकला. हार्डीला तो इतका किरकोळ वाटला की ‘सायन्स’ साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्रात त्यानं जीवशास्त्रज्ञांना हे आधीच माहीत असायला हवं होतं, अशा सुरात सुरुवात केली. जर्मनीतल्या श्टुटगार्टचा डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग त्याच वर्षी, हार्डीच्या काही महिने आधी, स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचला होता. जर्मनमध्ये लिहिल्यामुळे इंग्रजी जगात त्याची दखल घ्यायला कित्येक दशकं लागली.

सूत्र तुला पाठ असेलच, म्हणून फक्त अर्थ सांगतो. मोठी लोकसंख्या आहे, कुणाचीही जोडी कुणाशीही जमते, कुणी जास्त मरत नाही, कुणी बाहेरून येत नाही, जनुकांत नवी चूक होत नाही. अशा ठिकाणी जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. प्रभावी म्हणून कुणी वाढत नाही, अप्रभावी म्हणून कुणी संपत नाही. वरच्या उत्तरातली ‘दहा हजारांत एक, १९८ झाकलेल्या’ ही आकडेमोड याच सूत्राची होती. अशी निवांत लोकसंख्या जगात कुठेच नसते हे हार्डीलाही ठाऊक होतं. पण काहीच घडत नसताना काय दिसलं पाहिजे हे एकदा कळलं की मोजलेला आकडा त्याहून वेगळा आल्यावर काहीतरी घडतंय हे पकडता येतं. परीक्षेत पाच अटी लिहून मोकळं होऊ नकोस. प्रत्येक अट मोडली की काय होतं ते स्वतः आकडे घालून बघ, सगळा विषय त्यात येतो.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी चालू आहे. म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी अशी मुलं लहानपणीच जायची. मग इतक्या पिढ्यांत हा दोष आपोआप संपला का नाही? आणि आता वाहक-वाहक लग्नं टाळली तर तो संपेल का?
– एक वाचक, जि. नंदुरबार

उत्तर : ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नानं विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं होतं. दोन्ही प्रती दोषाच्या असलेलं, म्हणजे तुमच्या रजिस्टरमधलं एसएस मूल जर वाढून संसाराला लागण्याआधीच जात असेल, तर दर पिढीत दोषाच्या प्रती कमी व्हायला हव्यात. होतात, पण सावकाश. प्रमाण दहा टक्के असेल तर पाच टक्क्यावर यायला दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षं लागतात. बोंडअळीसारखंच इथेही बहुतेक प्रती धडधाकट वाहकांत झाकलेल्या असतात. सावकाश का होईना, हजारो वर्षांत दोष नगण्य व्हायला हवा होता. तसा तो झाला नाही, याचा अर्थ कुणीतरी त्याला दुसऱ्या बाजूनं धरून ठेवलं होतं.

धरून ठेवलं मलेरियानं. थॅलेसेमियासारखे रक्ताचे दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकून असण्यामागे वाहकांचा फायदा असावा, असं जे. बी. एस. हाल्डेननं १९४९ मध्ये सुचवलं. (हा हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.) सिकलसेलबाबत पुरावा दिला तो केनियात वाढलेल्या अँथनी ॲलिसननं, १९५४ मध्ये. वाहक मुलांना फाल्सिपेरम मलेरिया झाला तरी तो जिवावर बेतण्याचं प्रमाण खूप कमी असतं.

कल्पनेतल्या एका पाड्यावर हे मांडून पाहू. समजा, मलेरियानं दोन्ही प्रती धड असलेल्या दर दहा एए मुलांतलं एक जातं, वाहक एएस मुलं वाचतात आणि एसएस मुलं सगळी जातात. हजार जन्मांत १६५ वाहक आणि आठ एसएस असले की तराजू स्थिर होतो. कसा ते बघा. आजारात एसच्या सोळा प्रती गेल्या, एकूण १८२ पैकी. मलेरियात ८३ एए मुलं गेली, म्हणजे एच्या १६५ प्रती, एकूण १,८१८ पैकी. दोन्हीकडे नुकसान नऊ टक्क्यांच्या आसपास सारखंच. दोघांचं प्रमाण मग जिथल्या तिथे राहतं. हा समतोल किती महागाचा आहे तेही याच आकड्यांत दिसतं : हजारांतली नव्वदहून अधिक मुलं त्यात गेली. निसर्गानं ‘चांगली सोय’ केली, असं कुणी म्हटलं तर मला ते ऐकवत नाही.

म्हणूनच हा दोष जातीचा नाही, जमातीचाही नाही, मलेरियाच्या प्रदेशांचा आहे. सातपुड्यात, गडचिरोलीत, विदर्भातल्या अनेक समाजांत, आफ्रिकेत, अरबस्तानात तो सापडतो. भारतात तो १९५२ साली निलगिरीत प्रथम नोंदला गेला. आपल्याकडच्या काही जमातींत वाहकांचं प्रमाण वीस टक्क्यांच्याही वर आहे. भारतातल्या सिकलसेलची जनुकीय पार्श्वभूमी आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी आहे. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन इथल्या रुग्णांत जास्त राहतं आणि त्यामुळे बऱ्याच जणांत आजार सौम्य असतो. पण विदर्भात तीव्र रुग्णही पुष्कळ आहेत, तेव्हा त्या भरवशावर कुणाला ढिलं सोडू नका.

दुसरा प्रश्न. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारांत एक. वाहकाचं लग्न एए व्यक्तीशी झालं तर एसएस मूल होत नाही, मात्र निम्मी मुलं वाहक होतात. म्हणजे वाहक-वाहक लग्नं टाळून आजारी जन्म थांबतील, पण एसच्या प्रतींचं प्रमाण जिथल्या तिथेच राहील. उलट आता एसएस मुलांच्या मृत्यूनं होणारी घटही थांबेल. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सुरू झालं, त्याची मुदत २०४७ आहे. त्यातलं निर्मूलन हे आजाराच्या ओझ्याचं आहे, जनुकाचं नव्हे, ते एवढ्या वर्षांत शक्यही नाही. हे तुम्ही पाड्यावर जरूर सांगा, कारण ‘वाहक’ ऐकल्याबरोबर ठरलेली सोयरीक मोडतात. समोरचा एए असेल तर मोडण्याचं काहीच कारण नाही. वाहक आजारी नसतो, आणि त्याच्या आजा-पणजांपैकी कुणीतरी मलेरियातून वाचलं ते बहुधा याच प्रतीमुळे.

प्रश्न : आमच्याकडे गोत्र पाहून, सात पिढ्या सोडून लग्नं करतात. तरी समाजात काही दुर्मिळ आजार घरोघरी दिसतात. असं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गोत्रात फक्त बापाची बाजू मोजली जाते, आईची, आजीची, पणजीची नाही. आणि अडचण जवळच्या नात्याची नसून मूळ माणसांच्या संख्येची आहे. समजा, वीस-पंचवीस पिढ्यांपूर्वी शंभर माणसांनी एक वस्ती केली आणि पुढे लग्नं आपसातच झाली. शंभर माणसांत एका जनुकाच्या दोनशे प्रती. त्यातली एक दोषाची असेल तर प्रमाण झालं अर्धा टक्का. लहान समूहात कुणाला आठ पोरं झाली, कुणाला एकही नाही, एवढ्या योगायोगानंही ते प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतं. त्यात फायद्या-तोट्याचा काही संबंध नाही, निव्वळ नशीब. पुढे समाज दहा लाखांचा झाला तरी ते पाच टक्के तसेच राहतात, आणि चारशेत एका मुलाला दोन्ही प्रती मिळतात. गोत्र वेगळं असूनही.

हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातले आणि हार्वर्डमधले शास्त्रज्ञ यांनी २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८१ समूहांत मूळच्या मोजक्या माणसांचा हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला, आणि ही दोन उदाहरणं तर जगभरच्या पुस्तकांत दिली जातात. त्या ८१ पैकी चौदा समूहांची आजची लोकसंख्या दहा लाखांवर आहे. तेव्हा समाज मोठा आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेआधी स्नायू सैल करायला एक औषध देतात, एरवी त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. या समाजात ते औषध मोडणारं विकर नसलेली माणसं इतरांपेक्षा बरीच जास्त आहेत. त्यांच्यात श्वासाचे स्नायू तासन्‌तास सैल राहतात आणि तेवढा वेळ कृत्रिम श्वास द्यावा लागतो. तिथले अनुभवी भूलतज्ज्ञ समाज विचारूनच औषध निवडतात. तुमच्या घरात कुणाला भूल दिल्यावर शुद्धीवर यायला किंवा स्वतःहून श्वास घ्यायला फार वेळ लागला असेल, तर पुढच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ते नातं आणि तो प्रसंग दोन्ही सांगा. लग्नाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या, ती जिल्हा रुग्णालयात होते.